पुसणं पलीकडे जात नाही

सोहारच्या कॅम्पात आमचे फोन चार जातींचे.
कंपनीच्या फोनवर कंपनीचं ॲप,
बाकीच्यांकडे ज्याला जे परवडलं ते.
हे त्याला ओळखत नाही, ते ह्याला.
म्हणून मी एक पूल बांधला
इन्स्ट्रुमेंट रूममधल्या टाकाऊ लॅपटॉपवर,
दोनशे ओळींचा, रमजानच्या संथ दुपारी.
इकडचा निरोप तिकडे, तिकडचा इकडे:
बस किती वाजता, मेसमध्ये मासे आहेत का,
सिराज परकारच्या मुलीचा निकाल.
सिराजने खजूर वाटले. माझं नाव पूलवाला पडलं.

एक गोष्ट राहून गेली.
निरोप पुलावरून जायचा,
पुसणं जायचं नाही.

ज्याने पुसलं त्याच्या फोनवर जागा साफ.
बिजूच्या फोनवर राखाडी ओळ, संदेश काढून टाकला आहे.
हारूनच्या जुन्या टॅबवर नुसता चौकोन,
त्याला वाटायचं फॉन्ट गेला.
आणि पुलापलीकडच्या एकवीस जणांकडे
अक्षर न् अक्षर शाबूत.

शाळेत थुंकी लावून पाटी पुसायचो आम्ही.
वाळली की कालचं गणित पांढुरकं वर यायचं
आणि गुरुजी नेमकं तेच तपासायचे.

दुरुस्त करू म्हटलं, शुक्रवारी.
शुक्रवारी कपडे असतात, केस कापायचे असतात,
घरचा फोन असतो.

ऑगस्टची रात्र. एसीचं पाणी रंगाच्या डब्यात टपटपत होतं.
दोन वाजून सतरा मिनिटं,
विश्राम तांडेल, वेंगुर्ल्याचा, क्रेनवरचा:
माका आता जमना नाय.
दोन एकोणीसला त्याने ते काढलं.
लॉगमध्ये दोन ओळी एकाखाली एक,
जणू दुसरी पहिलीला दिलेलं उत्तर.

त्याच्या बाजूला काही घडलंच नव्हतं.
आमच्या बाजूला एकवीस जण झोपलेले
आणि मी.

जे त्याने लिहिलंच नाही
ते मी वाचलं, हे सांगायचं कसं?
किटली ठेवली. दुधाची पावडर होती, आलं संपलेलं.
सतरा नंबरची केबिन, बाहेर त्याचे सेफ्टी बूट,
एकमेकांकडे तोंड करून.
‘चाय घेतंस?’
बराच वेळ नुसता एसी.
मग कडी निघाली.

पायरीवर बसलो, समोर स्मेल्टरचे दिवे.
पहिला घोट घेऊन तो म्हणाला,
‘साखर कमी आसा.’
मी जाऊन साखर आणली.
फजरची बांग होईस्तोवर बोलणं झालं ते
बांगड्याच्या भावावर, आणि त्याच्या गावच्या एका होडीवर
जिचं इंजिन दरवर्षी नारळी पौर्णिमेलाच बंद पडतं.
उजाडायच्या आत मी पलीकडची ती ओळ हाताने पुसली.

त्या शुक्रवारी केस वाढलेलेच राहिले.
सिराज म्हणाला, असू दे की तसंच, उपयोगी पडलं ना?
पडलं.
पण गिळलेला शब्द ज्याचा त्याचा असतो.
आता इकडे पुसलं की तिकडेही पुसतं.
जिथे पुसताच येत नाही, त्या हारूनच्या टॅबवर,
चौकोनाऐवजी दोन शब्द येतात: परत घेतलं.
लॉगमध्ये मजकूर राहत नाही.
नाव राहतं, आणि वेळ.

तेवढं पुरतं.
रात्री एकनंतर कुणी काही मागे घेतलं
की मी किटली ठेवतो.
बहुतेकदा ते शुद्धलेखन निघतं.
बिजूने एकदा मेहुण्याच्या बकरीचा फोटो चुकून टाकला,
लगेच काढला,
आणि दारात मला कप घेऊन उभा बघून
घाबरलाच बिचारा: ‘कौन मर गया?’

विश्राम हल्ली दिवसपाळीला असतो.
त्या रात्री मला चहा कसा सुचला
हे त्याने कधी विचारलं नाही.
मीही बोललो नाही.
आलं मात्र आता संपू देत नाही.